लाभ म्हणजे रिकामी

एका जंगलात झाडंच नव्हती. नुसती पोवळी होती. कारण बाळांनो, ते जंगल समुद्राच्या तळाशी होतं.

तिथल्या एका कपारीत रुंजी नावाची चिमुकली मासोळी राहायची. पदरात पाच पिल्लं. सावली हलली तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं.

एकदा दवंडी पिटली. "माशांची मोजणी होणार! रिकामी कपार वामबाईंना मिळणार!"

वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. पिल्लं गिळताना तिला चावावंसुद्धा लागत नाही.

मोजणीला आले कासवराव. मोठे विद्वान! हलले की गाळ उडायचा, श्वास सोडला की बुडबुड्यांचा कल्लोळ. मासे भिऊन कपारीत घुसले.

"अरेरे, प्रजा फारच घटली," कासवराव हळहळले.

भ्याली नाही ती एकटी मुशी, म्हणजे शार्क मासा. दात विचकत ती खडकाला घिरट्या घालत होती. दर घिरटीला कासवराव तिला नव्याने मोजत होते. "लाभ, दोन, तीन, चार..."

धान्य मापताना आपण पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. शुभ असतं. पण लाभ म्हणजे एकच, हे आपल्याला ठाऊक असतं. कासवराव फार शिकलेले, त्यांना नव्हतं.

रुंजी जीव मुठीत धरून बाहेर आली. "भावजी, मला मोजा. आत पाच लेकरं आहेत."

"लाभ! पुढे?"

"आत आहेत हो. तुमच्या बुडबुड्यांना भ्यालीत. जरा डोकावता?"

"आम्ही डोकावत नसतो, बाई. पुढ्यातून जाईल तोच मासा."

"अहो, बाहेर मुशी आहे!"

"मुशी नाही, मुश्या. चांगली भरभराट आहे त्यांची."

"आणि माझी कपार?"

"लाभ. म्हणजे शुभ. आकडा नाहीच. म्हणजे रिकामी."

वामबाई लगेच वळवळत आल्या. "आवरलंस का गं रुंजे? पोरं राहू देत हवी तर. मी जेवल्याशिवाय निजत नाही."

मागे वाम, वर मुशी. रुंजीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कासवराव निघाले होते, मान ताठ, नजर पुढे. खाली बघायची त्यांना सवयच नव्हती. रुंजीने पाचही पिल्लं त्यांच्या पोटाखाली ढकलली आणि मागोमाग आपणही शिरली.

पुढच्या मोजणीला कासवराव गहिवरून म्हणाले, "रुंजीची जात संपली हो!"

तेवढ्यात त्यांना पोटाखाली गुदगुल्या झाल्या.

"वय झालं," ते म्हणाले.

तात्पर्य : विद्वानाच्या नजरेत भरायला जाऊ नये, त्याच्या पोटाखाली राहावं. जगात सगळ्यांची घरं रिकामी ठरतात, मोजणाऱ्याचं पोट कधीच नाही.