मल्लव्वांच्या सुरीचा रंग

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास पंचाक्षरींनी पत्नीची सुरी लखलखीत करून वर्तमानपत्रावर ठेवली आणि चष्मा पुसून तिच्या पात्यात स्वतःचा चेहरा पाहिला. मल्लव्वा लेकीकडे, सौंदर्याकडे, निपाणीला गेल्या होत्या आणि शनिवारी परतणार होत्या. तेवढ्या अवधीत स्वयंपाकघराची देखभाल उरकावी, असा पंचाक्षरींचा संकल्प होता. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन त्यांनी कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षे तपासणी विभाग सांभाळला होता. डाग दिसला की नग बाद, हा तिथला त्यांचा नियम निवृत्तीनंतरही सुटला नव्हता.

शेजारच्या आक्का कोथिंबीर मागायला मागच्या दाराने आल्या आणि थबकल्या.

"आप्पा, ही कुणाची सुरी?"

"आमचीच. पुष्कळ गंज चढला होता. पॉलिश पेपरने काढला."

आक्का उंबऱ्यावरच टेकल्या. "गंज न्हवं ओ त्यो. चाळीस वर्सं कांदं, आवळं कापून आलेला रंग हुता. वैनींच्या म्हायेरची सुरी हाय की ही. मुरगूडच्या बाजारातनं बानं घेतल्याली. मला बोट लावू देत न्हाईत त्या."

पात्यात दिसणारा चेहरा पंचाक्षरींना एकाएकी नकोसा झाला. खरे तर हे सांगायला आक्कांची गरज पडायला नको होती. आंबट पदार्थांनी लोखंडावर चढणारा निळसर काळा थर हा गंज नसून गंजाला अडवणारे कवच असते, हे त्यांनी धातुशास्त्राच्या पेपरात आकृती काढून लिहिले होते आणि पुढे कित्येक शिकाऊ उमेदवारांना उभे करून ऐकवलेही होते. खात्रीसाठी त्यांनी त्या सुरीने एक वांगे चिरले. फोडी बघता बघता काळ्या पडल्या आणि भाजीला खिळा चाटल्यासारखी चव आली. ती भाजी त्यांनी शिक्षा म्हणून संपवली.

दुपारी त्यांनी आलेखाचा कागद घेतला. चिंच, लिंबू, कांदा, चहाचा चोथा आणि डाळिंबाची साल अशी पाच द्रव्ये लिहून प्रत्येकापुढे वेळेचा रकाना आखला. मूळ नगावर पहिला प्रयोग करायचा नसतो, हे निदान अजून त्यांच्या लक्षात होते. चाचणीसाठी तशीच दुसरी सुरी हवी होती आणि ती आक्कांकडे होती. दर रविवारी मटण कापून झाले की आक्का ती विटकरीच्या भुकटीने घासून पांढरीशुभ्र ठेवत. पंचाक्षरींच्या शैव घरात मांसाहाराचे भांडेदेखील चालत नसे. म्हणून ती सुरी त्यांनी आत नेली नाही, परसातल्या धुण्याच्या दगडावरच प्रयोगशाळा मांडली. आक्कांनी सुरीसोबत नव्या चिंचेची मूठही दिली आणि संध्याकाळी पाहुणे यायचे आहेत, तोवर सुरी परत हवी, असे बजावले.

संध्याकाळी त्या सुरीवर पाच रंगांचे पाच पट्टे होते. अशी वस्तू परत करण्याचा धीर पंचाक्षरींना झाला नाही. आक्कांनी पलीकडच्या धोंडुबाईंकडून सुरी मागून आणली, धोंडुबाईंनी साहजिकच कारण विचारले आणि गुरुवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत ही हकिकत ज्याला माहीत नाही असा माणूस उरला नाही. येणारे-जाणारे डोकावू लागले. कुणी मोहरी वाटून लावायला सांगितली, कुणी केळफुलाचा चीक सुचवला. आक्कांचे यजमान जोतीराम तर कट्ट्यावरून तासातासाला एकच विचारीत.

"आप्पा, नवरीला हळद लागली का न्हाय?"

"प्रगती आहे," पंचाक्षरी खाली मान घालून सांगत.

शुक्रवारी दुपारी कृती सापडली. पाते गरम पाण्यात तापवायचे, वीस मिनिटे चिंचेचा लेप, मग डाळिंबाच्या सालीचा काढा, शेवटी तेलाचा हात, आणि हे सगळे चार वेळा. आक्कांची सुरी अशी निळसर काळी झाली की मल्लव्वांच्या सुरीची जुळी बहीण वाटावी. पंचाक्षरींनी तीच कृती लगेच मूळ सुरीवर सुरू केली. आक्कांची चिंच संपली होती, म्हणून घरच्या बरणीतली घेतली. शेवटचा लेप जरा जास्त मुरू द्यावा म्हणून तसाच ठेवून ते निश्चिंत झोपले.

सकाळी पात्यावर गोवर उठावा तसा तांबडा गंज फुटला होता. खरा गंज. घरची चिंच साठवणीची होती. मल्लव्वांनी मीठ घालून तिचे गोळे करून ठेवले होते. कच्चा माल बदलल्यावर पुन्हा चाचणी घेतली नाही, एवढ्या कारणावरून पंचाक्षरींनी कारखान्यात एका माणसाला घरी बसवले होते. आता त्या माणसाचे नावही त्यांना आठवेना, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

आक्का आपली सुरी न्यायला आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ मल्लव्वाच आल्या. निपाणीहून कुणाची तरी गाडी मिळाल्यामुळे त्या संध्याकाळऐवजी सकाळीच पोचल्या होत्या. परसात त्यांनी पाय धुतले तेव्हा दगडावर दोन्ही सुऱ्या होत्या. त्यांनी काळी उचलली आणि अंगठ्याने धार पाहिली.

"माझी सुरी बाहीर कशाला टाकलीया? आणि ही तांबारलेली कुणाची?"

आक्कांनी पंचाक्षरींकडे पाहिले. त्यांचा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी.

"माझी," त्या म्हणाल्या.

मग मल्लव्वांनी आक्कांना लोखंड कसे राखावे यावर चांगले फैलावर घेतले. आमच्या ह्यांच्याकडून शिक, वस्तूवर डाग म्हणून दिसू देत नाहीत, असेही सांगितले. आक्का निमूटपणे ऐकत राहिल्या. पंचाक्षरींना मान वर करवेना. ते वाचले होते. त्यांचे काम गल्लीतल्या सर्वांत कडक तपासणीतून पास झाले होते.

मल्लव्वा ती काळी सुरी घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या आणि टोपलीतला कांदा त्यांनी पाटावर ठेवला. गेल्या रविवारी याच पात्याने जोतीरामांच्या घरचे मटण कापले होते.

"थांब," पंचाक्षरी दारातून म्हणाले. "ती आपली नाही. आक्कांची आहे. आपली ती गंजलेली. मीच घासली, मीच गंजवली. आक्कांचा यात काही दोष नाही."

मग त्यांनी बुधवारपासूनचा वृत्तांत तारीख, वेळ आणि मिठासकट सादर केला. मल्लव्वांनी सुरी बाहेर ठेवली आणि दोनदा हात धुतले. नंतर त्यांनी गंजलेली सुरी हातात घेतली. पंचाक्षरी ऐकून घ्यायला उभे राहिले. पण मल्लव्वांचा चेहरा रागाने लाल झाला नव्हता.

"एवढं मनाला लावून घिऊ नका," त्या पुटपुटल्या. "म्हायेरची सुरी बारा वर्सांमागं सौंदर्याच्या लग्नातच हरवली. आचाऱ्यानं कुठं टाकली कुणास ठाऊक. ही हितल्याच बाजारातली हाय. कुणी हात लावू नये म्हणून म्हायेरची म्हणत हुतो."

दारात आक्का अजून उभ्याच होत्या.

"म्हंजे वैनी, बारा वर्सं मी बाजारच्या सुरीला भीत हुतो व्हय?"

 मल्लव्वा परसात गेल्या आणि धुतलेले पाय पुन्हा धुऊ लागल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच पंचाक्षरींना विलक्षण हलके वाटले. बायकोची मान खाली गेलेली पाहून आपल्याला बरे वाटते आहे, हे लक्षात आले तेव्हा त्यांनी गुपचूप तांब्या उचलला आणि तिच्या पायांवर पाणी ओतायला गेले.