मेल नको, घर नको

मगदूम बिल्डर्सचा मेल जो उघडी, तो त्याच क्षणी माधवनगर रस्त्यावरच्या नमुना फ्लॅटच्या हॉलमध्ये येऊन उभा राही. मेल दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता जात असे आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी पहिला माणूस येई. हातात जे असेल ते घेऊन येई. कुणी कंगवा, कुणी उलथनं, कुणी अर्धी दाढी. मिरजेचे एक दातांचे डॉक्टर चिमटा घेऊन आले, आणि त्यांचा पेशंट तिकडं खुर्चीत तासभर तोंड उघडून बसला. लोक बहुतेक अनवाणीच येत, म्हणून कंपनीनं दाराशी तीस जोड स्लिपर ठेवल्या होत्या.

मेलच्या वरची विषयाची ओळ लिहायचं काम सुकुमार आवटीकडं होतं. सांगलीतल्या एका दैनिकात त्यानं चौदा वर्षं मथळे दिले होते. दैनिक बंद पडलं आणि तो इथं लागला. मेलच्या आत काही लिहायची गरज नव्हती, कारण वाचायला जागेवर कुणी उरतच नसे. त्यामुळं ती ओळ हेच त्याचं सगळं काम, आणि ते दिसतं तितकं सोपं नव्हतं.

‘स्वप्नातलं घर’ लिहिलं तेव्हा दोघंच आले. ‘शेवटचे तीन फ्लॅट’ला एकसष्ट जण धापा टाकत आले. ‘तुमचं एक काम होतं’ असं लिहिलं त्या मंगळवारी एकशे चौदा माणसं आली. त्यातली निम्मी गॅलरीत होती, आणि आपलं काय काम होतं हे प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरनं लेखी कळवलं की हॉल एका वेळी चाळीसच माणसं पेलू शकतो. तेव्हापासून ओळ चांगली हवी पण फार चांगली नको, असा नियम झाला. मेल ज्यांना जायचा त्यांची यादीही सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांपुरती ठेवली, कारण मस्कतहून एक गृहस्थ बनियनवर आले होते आणि पासपोर्ट तिकडंच राहिल्यानं त्यांना परत पाठवता येईना. शेवटी त्यांनी दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. सोयीचा पडला म्हणाले.

मालक भूपालअण्णा मगदूम दाराशी खुर्ची टाकून बसत आणि आलेल्यांची वहीत नोंद करत. नाव, गाव, हातात काय होतं, घर घ्यायचं आहे की चुकून उघडला. ‘चुकून’चा रकाना सगळ्यात रुंद आखलेला होता.

त्या यादीत अकराशे सेहेचाळिसाव्या क्रमांकावर त्रिशला आवटी हे नाव होतं. ही सुकुमारची बायको. दोन वर्षांपूर्वी दोघं इथं चौकशीला आले होते, तेव्हा तिनं आपला मेलचा पत्ता लिहून दिला होता. पुढं फ्लॅट काही झाला नाही. मिरजेत पिठाच्या गिरणीमागच्या दोन खोल्यांत राहून सुकुमार दर दिवाळीला पुढच्या दिवाळीचं घर जाहीर करायचा. आठ महिन्यांपूर्वी त्रिशलानं पिशवी भरली.

“तुमचं नुसतं वरचं दणक्यात असतंय,” ती म्हणाली. “आत काय नसतंय.” आणि ती इचलकरंजीला माहेरी गेली. फोन उचलायचं तिनं बंद केलं.

सुकुमारला नोकरी लागली ती त्यानंतर. यादीत तिचं नाव दिसलं तेव्हा त्यानं ते दोनदा वाचलं. तिनं एकदा मेल उघडला की ती समोर उभी राहणार होती. त्या दिवसापासून तो दोन जिल्ह्यांना मेल पाठवत असला, तरी लिहीत होता एकीलाच.

‘स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसतो’ असं त्यानं एका मंगळवारी लिहिलं, कारण गिरणीमागच्या घरात खिडकीसमोर भिंत होती आणि तिला ते फार लागायचं. पाच बायका आल्या. पाचही जणी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि दुपारी दोनपर्यंत हलल्या नाहीत. त्रिशला त्यांत नव्हती. पुढच्या खेपेला त्यानं ‘इथलं भांडण शेजारी ऐकू जात नाही’ असं लिहिलं. तर जयसिंगपूरचे एक आजोबा भांडता भांडता आले आणि समोर बायको नाही हे लक्षात येईपर्यंत दहा मिनिटं एकटेच भांडले. मग गोंधळून खाली बसले. सुकुमारनं त्यांना पाणी दिलं आणि स्लिपर दिल्या.

“आवटी, हे चाललंय काय?” अण्णांनी एका सोमवारी वही पुढं सरकवली. “गेल्या मंगळवारी तिघं. त्यातला एक चुकून. काय लिहायलाय, कुणासाठी लिहायलाय, मला कायबी कळंना झालंय.”

“ऊन येतं असं लिहिलं होतं, अण्णा.”

“ऊन सगळीकडंच येतंय की! माणसाला जरा भ्या घालावं लागतंय. काळजीनं माणूस लगेच उघडतो. उद्या दहाच्या खाली आली माणसं, तर हे काम मी माझ्या पुतण्याकडं देणार. राग मानू नका.”

सुकुमारनं राग मानला नाही. पण काम गेलं की यादी जाणार, आणि यादी गेली की त्रिशला यायची वाट बंद होणार, एवढं त्याला लख्ख दिसलं.

मंगळवारी सकाळी तो साडेनऊपासून कॉम्प्युटरसमोर बसला. अण्णांचं म्हणणं खरंच होतं. ‘आईला बरं नाही’ एवढे तीन शब्द पुरले असते. ती पापणी लवायच्या आत आली असती, घाबरून, चेहरा पांढराफटक करून. त्यानं ते तीन शब्द लिहिलेसुद्धा. पाहिले. त्याला स्वतःची लाज वाटली आणि त्यानं ते पुसले. मग अकराला दोन मिनिटं कमी असताना त्यानं पहिल्यांदाच काही न सजवता लिहिलं: ‘आवटी बोलतोय. घर अजून झालेलं नाही.’

एकोणीस जण आले. कोण आवटी, कुणाचं घर, आणि झालं नाही तर आपण काय करावं, अशी एकच गडबड उडाली. कुरुंदवाडचे एक मास्तर म्हणाले की त्यांचंही झालेलं नाही, आणि कुणीतरी पहिल्यांदा हे मोकळेपणानं बोललं म्हणून त्यांनी सुकुमारचा हात हातात घेतला. सुकुमार त्यांच्या खांद्यावरून माणसं मोजत होता.

अठरावी त्रिशला होती. हातात अर्धी मोडलेली शेवग्याची शेंग.

“तुम्ही?” ती म्हणाली. “तुम्ही काय करायलाय हितं?”

“मी इथंच असतो. ओळ लिहितो.”

“कसली ओळ?”

“मेलच्या वरची. वाचलीस ना?”

“कशाला वाचतीय? मगदूम बिल्डर्स दिसलं की माझं डोस्कं फिरतंय. आठ महिने झालं, दर मंगळवारी अकराला फोन वाजतोय. आज म्हटलं, उघडायचा आणि यादीतनं नाव काढून टाकायचं.”

सुकुमार खरंच गोंधळला. खिडकी, भांडण, ऊन, बत्तीस मंगळवार. तिनं त्यातलं एक अक्षर वाचलं नव्हतं. आणि तरीही ती समोर होती. यात आनंद मानावा की डोक्याला हात लावावा, हे त्याला ठरवता येईना.

“आज काय लिहिलंवतं?” तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं.

“आणि आत?”

“आत काही नाही. उघडला की माणूस इथं येतो.”

“हे तुमच्या पथ्यावरच पडलंय की मग,” ती म्हणाली, आणि तिला हसू येता येता राहिलं.

नाव काढायचं तर फॉर्म भरावा लागे, तोही इथंच येऊन, सहीनिशी. अण्णांनी फॉर्म काढला. यादीत तिचं आडनाव पाहिलं, सुकुमारकडं पाहिलं आणि वहीत हातातल्या वस्तूच्या रकान्यात ‘शेंग, अर्धी’ असं लिहिलं.

“वैनी, हितं कारण लिहायचंय. दोन चौकटी हायत. ‘घर नको’ आणि ‘मेल नको’. एकीवर खूण करा आणि खाली सही.”

“दोन्हीवर केली तर?”

“तसं बरेच जण करत्यात. चालतंय.”

त्रिशलानं शेंग टेबलावर ठेवली आणि पेन घेतलं. ‘मेल नको’वर तिनं लगेच खूण केली. मग पेन दुसऱ्या चौकटीवर आणलं आणि तिथंच धरलं. मागं सतरा-अठरा माणसं स्लिपर अदलाबदल करत होती. सुकुमारला वाटलं काहीतरी बोलावं. चौदा वर्षं मथळे दिलेल्या माणसाला त्या घडीला एक शब्द सुचेना, आणि सुचला नाही हेच बरं झालं. ती चौकट कोरीच ठेवून त्रिशलानं खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

अण्णांनी यादीत अकराशे सेहेचाळिसाव्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली. कंपनीची गाडी सगळ्यांना स्टँडवर सोडायला खाली उभी होती. त्रिशला स्लिपर घालून दारापर्यंत गेली आणि वळली.

“आता मेल येणार नाही म्हटल्यावर,” तिनं विचारलं, “हिकडं यायचं झालं तर इचलकरंजीसनं बस कितीला असती?”

आजवर कुणी बसनं आलंच नव्हतं. सुकुमारनं अण्णांकडं पाहिलं.

“बसनं?” अण्णांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. “मेल न उघडता? आपलं आपण?”

“होय.”

“हे कसं काय जमायचं बुवा,” अण्णा पुटपुटले. मस्कतच्या गृहस्थांच्या वेळीही ते इतके गोंधळले नव्हते. पण नोंद ही करावीच लागते. त्यांनी वही उघडली, ‘चुकून’च्या रकान्यातली थोडी जागा कापून नवा रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर ‘बसनं’ असं लिहिलं.

“कोणत्या वारी, वैनी?” त्यांनी विचारलं.

“मंगळवार सोडून,” त्रिशला म्हणाली.