सासूबाईंचा हातगुण

उकळत्या सरसाचं भांडं शेगडीवरून उतरवताना बाइंडरची पकड सुटली आणि सरस उजव्या मनगटापासून पार कोपरापर्यंत ओघळला. तो असा ओरडला की तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली. पुस्तकं शिवणारा, पुठ्ठे चढवणारा हाच तो हात. त्याचं काही झालं तर सगळंच बसलं.

बायको रडायला लागली. खालची शेजारीण टूथपेस्ट घेऊन धावत आली. कुणीतरी शाईची बाटली आणली. सगळे एकदम त्याच्या हातावर तुटून पडणार, तोच मागून आवाज आला, "हात लावाल तर याद राखा!"

आवाज सासूबाईंचा होता. चार वर्षं त्या लेकीकडेच राहत होत्या आणि या चार वर्षांत "चहा झाला का?" यापलीकडे त्यांचं मोठं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.

त्यांनी जावयाला दंडाला धरून नळाखाली उभं केलं. तो सरस ओढून काढायला गेला.

"ओढू नका, जावईबापू! कातडीसकट येईल. पाण्यानं सुटेल तेवढा सुटू द्या."

"आई, पण आग..."

"आग होणारच. उभे राहा."

दहा मिनिटांत टाकी संपली. सासूबाईंनी जिन्याकडे नुसतं पाहिलं. माणसं मुकाट्यानं बादल्या घेऊन रांगेत उभी राहिली. शेजारणीनं टूथपेस्ट कमरेला खोचली आणि पहिली बादली उचलली. अर्धा तास धार चालू होती. जिना ओला, माणसं ओली. या बाईला कुठून येतंय हे सगळं, एवढंच जो तो डोळे मोठे करून बघत होता.

"आता कोरफड," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या नजरा वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांकडे वळल्या. त्यांच्या कुंडीतल्या कोरफडीचं पान मागायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पण आज हेडमास्तर स्वतः वर गेले आणि तान्हं बाळ आणावं तशी कुंडी घेऊन उतरले. "हवी तेवढी घ्या," ते गहिवरून म्हणाले.

सासूबाईंनी पान मोडलं, दाबलं, हुंगलं.

"ही कोरफड नाही."

"काय?"

"गर कुठाय यात? नुसत्या दोऱ्या. शोभेचं झाड आहे हे."

हेडमास्तरांचा चेहरा पडला. "मग सात वर्षं रोज मी डोक्याला काय चोळतोय?"

सगळ्यांनी त्यांच्या चकचकीत डोक्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

खरी कोरफड शेजारणीच्या गॅलरीत, फुटक्या बादलीत निघाली. तण समजून शेजारीण ती टाकायलाच निघाली होती. सासूबाईंनी पान धुतलं, पिवळा चीक निथळू दिला आणि गार गर हलक्या बोटानं पसरला. बाइंडरनं डोळे मिटले. ठणका पहिल्यांदाच एक पायरी उतरला होता.

"फोड आलेत. फोडायचे नाहीत. आता उठा, डॉक्टरकडे."

"म्हणजे... डॉक्टरकडे पण?"

"मग? कोरफडीला काय डिग्री आहे?"

डॉक्टरांनी हात बघितला. "पाणी किती वेळ घातलंत?"

"अर्धा तास."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "नाहीतर लोक काय काय फासून आणतात! माझं अर्धं काम तुम्हीच केलंय, आजी." त्यांनी जखम साफ केली आणि पट्टी बांधली.

पुढे फोड वाळले, जखम भरून आली. मग डॉक्टरांना विचारून सासूबाई ज्येष्ठमध घालून कढवलेलं तूप रोज पिसानं लावू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात खपल्या पडून खाली गुलाबी, कोवळी कातडी दिसली. बाइंडरनं बोटं मिटली, उघडली; सुई दोन बोटांत धरून बघितली. सुई हलली नाही.

"आई, एवढी विद्या! वडील वैद्य होते का तुमचे?"

"होते ना. चार गावांत नाव होतं."

"किती माणसं बरी केली असतील त्यांनी!"

"माणसं?" सासूबाई तुपाची वाटी पुसत म्हणाल्या. "ते गुरांचे वैद्य. माणसावर हा माझा पहिलाच प्रयोग."

बाइंडरचा हात तसाच हवेत राहिला.

"पण खरं सांगू?" त्या उठता उठता म्हणाल्या, "बैल बरे. एवढं ओरडत नाहीत."