डरकाळीची जोडी

एका जंगलात, बाळांनो, भीमकंठ नावाचा सिंह राज्य करत होता. जंगलाचं नाव विचारू नका, आपलंच समजा.

तिथे एक रीत होती. सकाळी महाराज पाणवठ्यावरच्या खडकावरून डरकाळी फोडत. ती ऐकू येताच लहानथोर सगळे नाक जमिनीला टेकत आणि ती थांबेपर्यंत मान वर करत नसत. त्यामुळे डरकाळी फोडताना महाराज कसे दिसतात, हे कोणीच पाहिलं नव्हतं.

यंदा महाराजांचा घसा बसला. ज्येष्ठमध चघळून झालं, हळदीच्या गुळण्या झाल्या. तोंड उघडलं की नुसती फुसफुस. ज्याची डरकाळी गेली त्याचा खडक गेला, हा कायदा महाराजांच्याच आजोबांनी केलेला.

प्रधान रंगनाथ कोल्हे यांनी पपईएवढ्या ब्लूटूथ स्पीकरची जोडी आणली.

"एवढ्याशातून माझी डरकाळी?" महाराज कुजबुजले.

"मूर्ती लहान, पण कीर्ती महान. राज्याभिषेकाची डरकाळी माझ्या मोबाइलमध्ये आहे. आपण फक्त तोंड उघडा."

खडकाच्या दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळीत स्पीकर लपवले. चाचणी सुरू झाली. प्रधानांनी बटण दाबलं.

"ब्लूटूथ कनेक्टेड," जाळीतून एक बाई गोड आवाजात म्हणाली.

पाणवठ्यावरचे सगळे प्राणी भराभर जमिनीला टेकले.

"महाराज आज किती मायेनं बोलले," अस्वल म्हणालं.

"घसा सुधारलाय," रानडुक्कर म्हणालं.

मग डरकाळी आली. डावीकडून घुमली, उजवीकडून घुमली. खुद्द महाराजांना कापरं भरलं.

"चाचणी पास," प्रधान म्हणाले. "आता आपण उन्हात कशाला उभं राहायचं? गुहेत आराम करावा."

महाराजांना ते पटलं. शिकार गुहेत पोचू लागली. महाराजांचं पोट सुटलं, आणि जीव भांड्यात पडला.

एके सकाळी डरकाळीमागोमाग प्रधानांचा आवाज आला. "महाराजांची आज्ञा. आजपासून पाणवठ्याचा सावलीकडचा काठ प्रधानांच्या कुटुंबाला राखीव."

महाराज धापा टाकत पाणवठ्यावर आले. "मी असं काही बोललो नाही," ते फुसफुसले.

"आजोबा, खाली बसा," रानडुक्कर जमिनीला नाक लावूनच म्हणालं. "महाराजांची आज्ञा चाललीय."

"अरे, मीच महाराज."

"आम्हाला महाराजांचा आवाज कळत नाही होय?"

तेवढ्यात पुन्हा डरकाळी झाली. काय तो आवाज! भर तारुण्यातला, खणखणीत. महाराजांचे डोळे भरून आले. असा राजा पुन्हा होणे नाही, असं त्यांनाही मनापासून वाटलं.

त्यांनी हळूच नाक जमिनीला टेकवलं.

तात्पर्य: मोठा आवाज आला की मान खाली घालावी, बाळांनो. वर पाहिलं तर खडकावर राजा दिसत नाही, आणि मनाला उगाच त्रास होतो.