मरायकाबाईंचा जाहीर सत्कार

अर्ज कसा लिहावा हे चंद्रहास टिल्लूंना शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासमध्ये, एका आयटी कंपनीत, ते एकोणीस वर्षं स्वतःचं अप्रेझल स्वतः लिहीत आले होते. एकदा ऑफिसातला प्रिंटर बंद पडला तेव्हा त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला होता. अप्रेझलमध्ये त्याचं 'संकटकाळातील नेतृत्व' झालं होतं.

त्यामुळे लेकीनं, म्हणजे ऋजुतानं, पशुवैद्यकाच्या प्रवेशासाठी लिहिलेलं मनोगत वाचून त्यांना घेरी यायचीच बाकी राहिली.

"'दोन वर्षं मी दर शनिवारी शेळ्यांच्या लेंड्या काढते.' लेंड्या! पहिल्याच वाक्यात! अगं, हा अर्ज आहे की कबुलीजबाब?"

"बट दॅट्स व्हॉट आय डू, बाबा."

ऋजुताला वयाच्या दहाव्या वर्षापासून जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नाही. पण जागा मूठभर आणि अर्ज ढीगभर! नुसत्या मार्कांवर भागत नव्हतं. मनोगत हवं, प्राण्यांमध्ये काम केल्याचा अनुभव हवा आणि ते काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं शिफारसपत्र हवं. ते पत्र मरायका देणार होती. बुइटनव्हेल्डर्टमध्ये टिल्लूंच्या घराजवळ, लहान मुलांना शेळ्या-मेंढ्या बघायला मिळाव्यात म्हणून एक छोटीशी शेती चालायची. ऋजुता शनिवारी जायची ती तिथेच, आणि मरायका तिथली व्यवस्थापिका. सहा फूट उंच, पायात गमबूट आणि बोलणं अगदी मोजकं.

"या बाईनं पत्रही असंच चार शब्दांत उरकलं तर?" चंद्रहासराव म्हणाले. "तिला आधी खूश करायला हवं. आपण तिचा जाहीर सत्कार करू! इथल्या मराठी मंडळातर्फे! शाल, श्रीफळ, हार! मागे बॅनर लावू, 'पशुआरोग्य मेळावा, संयोजक कु. ऋजुता टिल्लू'. तोच फोटो अर्जाला जोडू. एका दगडात दोन पक्षी!"

"पोरगी पशुवैद्य व्हायला निघालीय आणि बाप पक्षी मारतोय," कुमुदिनी, त्यांची बायको, भाजी चिरता चिरता म्हणाली.

"डू नॉर्माल, बाबा!" ऋजुता ओरडली. शहाण्यासारखं वागा, एवढंच डच माणसाला यातून सांगायचं असतं. चंद्रहासरावांनी ते मनावर घेतलं नाही.

मरायकाला त्यांनी फोनवर 'छोटंसं आभारप्रदर्शन' असं सांगितलं. तिला वाटलं, केक आणतील. शनिवारी अकरा वाजता आली मंडळाची बावीस माणसं! पुढे नऊवारी नेसलेल्या शामलाताई, मागे स्पीकर आणि समई सांभाळत सेक्रेटरी शशिकांत. समईला उंच जागा हवी म्हणून शशिकांतनं ती ठेवली वाळल्या गवताच्या गठ्ठ्यावर. वात पेटते न पेटते तोच मरायका झेपावली आणि तिनं फू करून ती विझवली!

"अगंबाई, शुभकार्यात दिवा विझवू नये!" शामलाताई कळवळल्या.

"ते गवत आहे," मरायका म्हणाली.

मग चंद्रहासरावांचं भाषण झालं. बारा मिनिटं! मग शाल, मग नारळ, शेवटी हार. हार खास झूटरमेरहून करून आणलेला. शेवंतीची फुलं, मध्ये जरीचे गोंडे आणि ओवायला चांगला दणकट नायलॉनचा दोरा. चंद्रहासराव पाच फूट चार असल्यामुळे मरायकाला वाकावं लागलं, आणि ती वाकली ती नेमकी कठड्याजवळ.

कठड्यापलीकडे प्रिन्स होता. प्रिन्स म्हणजे तिथला बोकड. त्यानं शेवंतीचा वास घेतला, हार धरला आणि हिसडा मारला. बघता बघता गोंड्यांसकट अर्धा हार पोटात! तोंडातून हातभर दोरा लोंबत राहिला.

"अरे, फोटो राहिलाय!" असं ओरडत चंद्रहासरावांनी कठडा ओलांडला, दोरा धरला आणि ओढायला सुरुवात केली. प्रिन्स काही कमी नव्हता, तोही ओढू लागला! शशिकांतनं स्पीकरवरून "शांतता राखा! शांतता राखा!" अशी बोंब ठोकली, तशा मेंढ्याही बिथरून गोल गोल पळू लागल्या.

"बाबा." ऋजुता कठड्याच्या आत आली होती. "दोरा सोड. ओढलास तर त्याचं आतडं कापलं जाईल. सोड. आता खाली बस. हलू नकोस."

चंद्रहासराव बसले. कुठे बसतोय ते त्यांनी पाहिलं नाही, आणि त्या दिवशीच्या लेंड्या अजून काढायच्या होत्या.

ऋजुतानं स्पीकर बंद करायला लावला, जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला आणि ते येईपर्यंत प्रिन्सची मान खाजवत उभी राहिली. दोरा काढायला प्रिन्सचं ऑपरेशन करावं लागलं, पण तो वाचला. मरायकानं शालीची घडी केली, वर नारळ ठेवला आणि दोन्ही चंद्रहासरावांच्या हातात परत दिलं.

"पत्र मी परस्पर विद्यापीठाला पाठवीन," ती म्हणाली.

त्या दिवसापासून चंद्रहासरावांच्या घशाखाली घास उतरेना. पोरगी रडली असती, भांडली असती, तर बरं वाटलं असतं. ती फक्त जेवताना मीठ मागायची.

"मी तुझं वाटोळं केलं गं," ते एकदा खरोखर कळवळून म्हणाले.

"हो, बहुतेक," ती म्हणाली. अर्जाला तिनं स्वतःचंच मनोगत जोडलं होतं, लेंड्यांसकट.

एप्रिलमध्ये निकाल लागला आणि ऋजुताला चक्क जागा मिळाली! ती केक घेऊन मरायकाकडे गेली आणि येताना पत्राची प्रत घेऊन आली.

"वाच, वाच! मराठीत सांग!" चंद्रहासराव खुर्चीच्या टोकावर आले.

"'ऋजुता वेळेवर येते. काम पूर्ण करते,'" ऋजुता वाचू लागली. "'एकदा माझ्यासमोर तिनं एका भेदरलेल्या, अडेलतट्टू नराला आवाज न चढवता, अंगाला हात न लावता खाली बसवलं. वीस वर्षं या कामात असून मला हे जमत नाही.'"

चंद्रहासरावांचे डोळे पाण्यानं भरले.

"प्रिन्सबद्दल किती सुंदर लिहिलंय गं बाईनं!"

"प्रिन्स उभाच होता, बाबा," ऋजुता म्हणाली.