हात ठेवून जा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गेरू कुटला. तोही मिरचीच्या खलबत्त्यात. मी म्हटलं, "अगं, परवाच्या ठेच्याला मातीचा वास येत हुता." तर म्हणते, "आन् गेरूनं पोरांचे हात झोंबत्यात, त्येचं काय? मी बोलले का कुणाला?" असा तिचा न्याय.

माझी बायको कौसल्या आमच्या वाडीच्या बालवाडीत ताई होती. वाडी मिरजगावच्या पुढं, कोरड्या रानात. मी तिसरी शिकलेला, जन्म बैलांच्या मागं गेला. लिहायचा सराव नाही. पण लोक तिच्याविषयी चुकीचं सांगत सुटलेत, "ताई लई देवमाणूस हुती." देवमाणूस कसली? उपद्रवी बाई होती. ते नीट कुणीतरी सांगावं म्हणून बसलोय.

आमच्या घरात काही टाकायची सोय नव्हती. कांद्याचं साल टाकायला हात उचलला की चुलीपासून आवाज यायचा, "टाकू नका, त्यात मोर हाय." अंड्याच्या कवटीत बाहुली, ज्वारीच्या चिपाडात गाडी, फाटक्या चपलेत कासव. एकदा डॉक्टरनं मला बिडी सोडायला सांगितली. ही बाजूलाच उभी. म्हणते, "एकदम नका सोडू. काड्यापेट्या कमी पडत्याल. पोरांच्या बैलगाड्या अर्ध्या राहिल्यात." डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "बघता काय, ह्याच्यावर औषध हाय का?"

भेंडीची भाजी आमच्यात व्हायची ती बिनडोक्याची. देठाकडचे तुकडे पोरांच्या ठशांना जायचे. निळीत बुडवले की त्याची फुलं उठतात. अशीच भेंडी कापताना तिच्या अंगठ्यावर विळी बसली आणि जन्माची आडवी खूण राहिली. आणि ती फुलं कागदावरच राहतील तर शप्पथ. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या धोतरावर पोरांनी एकदा बागच फुलवली. दुसरं धोतर ओलं, म्हणून तसाच बाजारात गेलो. बैलवाला म्हणतो, "आबा, जोडी घ्यायला आला का लगीन करायला?" घरी येऊन तिला बोललो, तर धोतर पसरून बघत बसली. "ह्ये फूल गोदीच्या पोरीचं. लई झ्याक दाबलंय."

पण तिचं खरं खूळ वेगळं. आमच्या वाडीतली अर्धी माणसं दसरा झाला की ऊस तोडायला जातात, वर कोल्हारकडं, कारखान्यांच्या रानात. पोरंबाळं, शेळ्या, भांडी सगळं ट्रॅक्टरवर चढतं ते उन्हाळ्यातच उतरतं. जायच्या दिवशी सकाळी ही बालवाडीच्या भिंतीपाशी गेरूची वाटी घेऊन बसायची. प्रत्येक पोराचा पंजा भिंतीवर उठवायचा. "हात ठेवून जा रं. त्यो न्यायला परत यावं लागतंय." नाव लिहायची नाही, पोरांना कुठं वाचता येतंय. पंजाशेजारी खूण काढायची. कुणाला चिमणी, कुणाला कप, कुणाला भोपळा.

उन्हाळ्यात पोरं उतरली की आधी भिंत. चिमणीवाल्यानं चिमणीपाशी हात लावायचा, कपवाल्यानं कपापाशी. हात पंजाच्या बाहेर भरला की ही खूश. नाही भरला की त्याच्या आईची हजेरी. "सा म्हैनं काय वारा खायला घालत हुतीस का गं?" ती बिचारी अजून डोक्यावरचं बोचकं उतरवत असायची.

एका वर्षी ट्रॅक्टर लवकर निघाला आणि एक पोरगं हात न ठेवता गेलं. त्याचे आईबाप तिकडंच राहिले, पुन्हा वाडीत आलेच नाहीत. तिकडं काम बरं लागलं असेल, दुसरं काय. पण हिच्या मनानं घेतलं. पुढच्या साली ट्रॅक्टर सुरू झालेला, वर पातेल्यांत एक पोरगी बसलेली, आणि ही वाटी घेऊन आडवी. मुकादम वरून ओरडला, "ताई, कारखान्याचा भोंगा झाला, आन् तुमी रंगपंचमी खेळताय व्हय?"

"खाली उतर," ही म्हणाली.

"पोरीला उतरवतो, पण लवकर उरका."

"पोरगी हायेच. आदी तू उतर."

मुकादम चांगला सहा फुटी, मिशीवाला. तो उतरला. तिनं त्याचं मनगट धरलं, पंजा गेरूत बुडवला आणि भिंतीवर दाबला. शेजारी कोंबडा काढला. त्या सगळ्या चिमुकल्या पंजांत तो एक फावड्याएवढा हात अजून आहे. आणि दरसाल उन्हाळ्यात तो माणूस गुपचूप येऊन भिंतीला हात लावून जायचा. ही आतून विचारायची, "वाढला का रं?"

मी एकदा म्हटलं, "सगळ्यांचे हात घेतीस, तुझा कोण घेणार?"

"मी कुठं चाललेय?" म्हणाली.

तर त्या दिवशी गेरू कुटला. तिनं त्यात बाभळीचा डिंक कालवला, वाटीवर ओलं फडकं टाकलं. सकाळी ट्रॅक्टर निघणार होता. "च्या ठिवते," म्हणून चुलीपाशी बसली आणि बसल्या जागी कलंडली. डॉक्टर आला तोवर काही उरलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत नेलंही.

परत आलो तर बाया घर सारवून काढत होत्या. सालं, कवट्या, पेट्या सगळं सुपात भरलेलं. माझ्या भावजयीनं गेरूची वाटी उचलली. मी म्हटलं, "टाकू नका."

"भाऊजी, काय हाय त्यात?"

मी नुसती वाटी काढून घेतली.

सकाळी उठून निघालो तर भावजय दारात. "सुतकातला मानूस, लेकरांना शिवायचं न्हाई." मी म्हटलं, "ट्रॅक्टर थांबत नसतो." पण ट्रॅक्टर थांबला होता. बालवाडीपुढं, इंजीन बंद करून. मुकादमानं पोरांना आधीच खाली उतरवलं होतं, रांगेत. माझ्याकडं न बघता म्हणाला, "उरका आबा. घाई न्हाई."

मला बैलाशिवाय काही काढता येत नाही. पहिलीच पोरगी म्हणाली, "माजी चिमणी काडा."

"यंदा बैल."

"समद्यांना बैल? मग मला माजा हात कसा घावायचा?"

म्हणून एकाचं शिंग मोडलं, एकाची शेपटी वर केली, एकाला बसवलं. चिमणीवालीच्या बैलाच्या पाठीवर एक ठिपका दिला. ती म्हणाली, "ह्यी चिमणी," आणि हात पुढं केला.

चार वर्षांचं पोर भिंतीवर हात नीट दाबत नाही, ओढून घेतं. मनगट धरावं लागतं. आणि मनगट धरलं की आपला अंगठा भिंतीला घासतो, पंजाच्या खाली गेरूचा एक डाग उठतो. दोनचार पोरं झाल्यावर माझ्या ते ध्यानात आलं. मग नजर शेजारच्या, मागल्या सालच्या पंजांवर गेली. त्यांच्याही खाली डाग होते. लहान, आणि प्रत्येकातून एक कोरी रेघ आडवी गेलेली.

उरलेल्या पोरांचे हात घेतले. ट्रॅक्टर गेला. धुरळा बसला. मग मी भिंतीला धरून खाली बसलो आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरकत गेलो. सगळ्या सालांचे पंजे. भोपळ्याखाली ती होती, कपाखाली होती, कोंबड्याखाली तर चांगली जोर लावून दाबलेली होती.

तिथं मी माझा अंगठा टेकवून बघितला. माझा बाहेर भरला.