कर्णिकांच्या कॅरॅव्हॅनचं लीकेज

गुहागरचा समुद्र विद्याधर कर्णिक पस्तीस वर्षं बायकोला 'पुढच्या डिसेंबरात नक्की' दाखवत आले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नाशिकच्या एका गृहस्थाकडून जुनी कॅरॅव्हॅन घेतली. पलंग, शेगडी, बेसिन असलेली, गाडीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. शनिवारी निघायचं ठरलं. त्याआधीच्या रविवारी ती ओरखडाही न पडता मुलुंडपर्यंत आली आणि सोसायटीच्या फाटकात डाव्या चाकावरची कमान खांबाला घासली. हातभर चीर पडली.

कर्णिकांनी इकडेतिकडे पाहिलं. वॉचमन काशीराम सोडला तर कुणी नव्हतं. त्यांनी चिरेवर काळी चिकटपट्टी लावली, काशीरामच्या कानात काहीतरी सांगितलं आणि वर जाऊन कुंदाताईंना म्हणाले, "एकदम मक्खन आली!"

सोमवारी सकाळी कुंदाताई पडदे लावायला आत शिरल्या.

"अहो, गादी ओली आहे."

"थंडीचे दिवस आहेत. दमट होते."

"थंडीनं गादी पिळावी लागते? आणि छत कोरडं आहे, हात लावून बघा. खालून येतंय पाणी."

'खालून' म्हटल्याबरोबर कर्णिकांना घाम फुटला. "खालून कसं येईल? पाणी वरून खाली येतं. शाळेत शिकवतात."

एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव आले. अकरा वर्षं ते फक्त लीकेजच्या तक्रारी ऐकत होते, त्यामुळे सवयीनं विचारते झाले, "वर कोण राहतं?"

"वर कुणी नाही. छप्पर आहे."

"म्हणजे टेरेस! टेरेसची जबाबदारी सोसायटीची. काळजी सोडा, कर्णिकसाहेब."

"अहो भाऊराव, पण पाऊस कुठे आहे?" कुंदाताई म्हणाल्या.

"वहिनी, पाणी मुरलेलं असतं. माझ्या बाथरूमचं छत मे महिन्यात गळतं. विचारा आमच्या वसुधाला."

गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम चालू होतं. कंत्राटदार नंदूला खाली बोलावण्यात आलं. त्यानं कॅरॅव्हॅनच्या छपरावर टकटक केलं. "काका, पोकळ वाजतंय."

"आत माणसं झोपायची आहेत. भरीव कसं वाजेल?" कुंदाताई म्हणाल्या. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

छपराला दोन कोट मारले. मंगळवारी गादी ओली. आणखी दोन मारले. बुधवारी उशीही ओली.

"वाट लागली!" कर्णिक पुटपुटले.

"काका, टेन्शन नाय घ्यायचं," नंदू म्हणाला. "गच्चीवर पत्र्याची शेड टाकली, येतो काय एक थेंब? उरलेल्या पत्र्यात इथेपण टाकतो. झकास काम!"

गुरुवारी कॅरॅव्हॅनच्या चार कोपऱ्यांना चार लोखंडी खांब सिमेंटमध्ये रोवले. वर निळे पत्रे. पत्रा मध्ये वाकू नये म्हणून पुढच्या बाजूला बरोबर मधोमध पाचवा खांब. भाऊरावांनी नारळ फोडला. कुंदाताई पाचव्या खांबाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि घरी गेल्या.

शनिवारी सकाळी साडेसहाला त्या पिशव्या, थर्मास आणि दडपे पोहे घेऊन खाली आल्या. भाऊराव आणि नंदू निरोप द्यायला हजर होते. कर्णिकांनी दार उघडलं. गादीतून पाणी टपकत होतं. तिघेही पुरुष वर बघू लागले.

कुंदाताई कॅरॅव्हॅनच्या पलीकडे गेल्या. तिथे काशीराम पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून डाव्या चाकाच्या वर जोरात फवारा मारत होता.

"काशीराम, हे काय?"

"फाटकाच्या खांबाचा पिवळा रंग लागलाय ना बाई, तो काढतोय. साहेब बोलले, रोज पहाटे घास, बाईंना कळता कामा नये. पट्टी तर पहिल्याच दिवशी निघाली."

हे बोलल्यावर आपण काय बोललो ते काशीरामच्या लक्षात आलं आणि त्यानं नळ बंद केला.

कुंदाताईंनी वाकून चीर पाहिली.

"चीर बुजवली की झालं गं," कर्णिक घाईघाईनं म्हणाले. "गादी टपावर वाळेल. आत्ता जोडतो गाडी." ते पुढे धावले. जिथे गाडीचा हूक यायचा तिथे पाचवा खांब उभा होता. त्यांनी हलवून पाहिला. नंदूच्या आयुष्यातलं ते एकमेव पक्कं काम निघालं.

"कापून टाका हो हा!"

"असा कसा कापणार?" भाऊराव म्हणाले. "शेड सोसायटीची मालमत्ता आहे. सर्वसाधारण सभेत ठराव लागेल."

"सभा कधी?"

"सप्टेंबरात."

कुंदाताईंनी पिशवी खांद्याला अडकवली. "गुहागरची एसटी साडेआठला आहे. खांब बघितला त्याच दिवशी तिकिटं काढली मी. दोन."

कर्णिकांचा चेहरा उजळला. "शहाणी गं माझी! थांब, चप्पल बदलून येतो."

"तुम्ही कशाला?"

जिन्यावरून भाऊरावांच्या पत्नी वसुधाताई बॅग घेऊन उतरत होत्या. "चल गं कुंदा. अकरा वर्षांत पहिल्यांदा चार दिवस कोरड्या बाथरूममध्ये आंघोळ करीन."

रिक्षा फाटकाबाहेर पडली, खांबाला न घासता.

"भाऊराव, आता हो?" कर्णिकांनी विचारलं.

भाऊरावांनी सवयीनं वर पाहिलं. वर पत्रे होते, अगदी कोरडे ठणठणीत.